जिनिव्हाची तारीख, धडगावचा ढोल

नऊ ऑगस्टला धडगावच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. अक्राणीच्या डोंगरपाड्यांवरून माणसं येतात, कोणी जीपच्या टपावर बसून, कोणी मोटारसायकलवर तिघं-तिघं, पुष्कळशी पायीच. मुलांच्या गळ्यात पिवळे गमछे, बायकांच्या अंगावर चांदीचे जड दागिने, एखाद्याच्या खांद्याला तीरकामठा. पुढे मोठा ढोल, मागे पिकअपवर चढवलेला डीजे. फलकांवर बिरसा मुंडा, तंट्या भिल्ल, ख्वाजा नाईक. भेटेल त्याला ‘जय जोहार’. नंदुरबारला, शहाद्याला, तळोद्याला, अक्कलकुव्याला, नवापूरला त्या दिवशी हेच चित्र असतं. हा जागतिक आदिवासी दिवस.

यातलं काय कुठून आलं? तारीख आली जिनिव्हाहून. संयुक्त राष्ट्रांनी मूळ रहिवासी लोकसमूहांसाठी नेमलेल्या कार्यगटाची पहिली बैठक ९ ऑगस्ट १९८२ रोजी तिथे झाली आणि २३ डिसेंबर १९९४ रोजी आमसभेनं हा दिवस पाळायचा ठराव केला. बिरसा मुंडा झारखंडचे. ‘जोहार’ म्हणायची रीतही तिकडचीच. माझ्या लहानपणी आमच्या भागात हा नमस्कार मी कधी ऐकला नव्हता. डीजेवर वाजणाऱ्या पावरी गाण्याचा ठेका टिमलीचा, म्हणजे गुजरात आणि अलीराजपूरकडून आलेला, आणि तो वाजवणारा कीबोर्ड जपानी बनावटीचा. ढोल मात्र इथलाच.

इतक्या ठिकाणांहून गोळा झालेल्या या दिवसाला परकं म्हणायचं की आपलं? जागतिकीकरणानं संस्कृतीचं काय होतं, यावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभर जी पुस्तकं लिहिली गेली ती याच प्रश्नाभोवती फिरतात. ती मी शिकवते. मी तळोद्याच्या एका कॅसेट दुकानदाराची मुलगी आहे आणि शहादा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्राची प्राध्यापक. मी आदिवासी नाही. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं आहेत. हजेरी घेताना पाडवी, वसावे, वळवी, पावरा, गावित अशीच नावं येतात. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा नंदुरबार जिल्हा. २०११ च्या जनगणनेत इथल्या शंभरांतली एकोणसत्तर माणसं अनुसूचित जमातींची होती. त्यामुळे हे सिद्धांत मला इथल्या फळ्यावर लिहून पाहावे लागतात. काही टिकतात, काही अपुरे पडतात.

सुरुवात हर्बर्ट शिलर यांच्यापासून करावी लागते. या अमेरिकन अभ्यासकानं १९६९ मध्ये आणि पुन्हा १९७६ मध्ये पुस्तकं लिहून आपल्याच देशावर आरोप ठेवला. श्रीमंत देशांतल्या कंपन्या सिनेमे, मालिका, बातम्या, जाहिराती विकतात तेव्हा जगण्याची एक तऱ्हाही सोबत विकतात, असं त्यांचं म्हणणं. गुलामीतून सुटलेले देश झेंड्यानं स्वतंत्र होतात. त्यांचा बाजार आणि त्यांची स्वप्नं परक्यांच्या हातात राहतात. याला सांस्कृतिक साम्राज्यवाद म्हणतात. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या भारतात उतरल्या तेव्हा आपल्याकडे जी काळजी व्यक्त झाली ती बरीचशी याच चालीवरची होती.

वर्गात हा सिद्धांत मांडला की मुलं माना डोलावतात, आणि एखादा मागच्या बाकावरून विचारतो, “मॅडम, अमेरिका लांब राहिली. मराठी सिनेमात तरी आम्ही कुठे असतो?” हा प्रश्न शिलर यांच्या पुस्तकात मावत नाही, कारण त्यांचं जग देशादेशांत विभागलेलं आहे. धडगावच्या मुलाला मुंबई-पुण्याचा पडदा हॉलिवूडइतकाच दूरचा असतो.

शिलर यांना उत्तर मिळालं ते प्रेक्षकांकडून. ‘डलास’ नावाची अमेरिकन तेलसम्राटांची मालिका ऐंशीच्या दशकात जगभर पाहिली जात होती. एलिहू कात्झ आणि तमार लीब्ज यांनी इस्रायलमधल्या वेगवेगळ्या समाजांच्या लोकांना ती दाखवली आणि कथा सांगायला लावली. १९९० मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. एका भागात नायिका नवऱ्याला सोडून प्रियकराच्या बापाच्या घरी जाते. अरब प्रेक्षकांच्या एका गटानं सांगितलं की ती स्वतःच्या बापाच्या घरी, माहेरी गेली. रशियातून आलेल्यांनी कथेपेक्षा ही मालिका आपल्याला काय पढवू पाहते आहे यावरच संशय घेतला. मालिका एक, पण प्रत्येक घरात ती वेगळी पाहिली गेली.

याचा पडताळा मला ‘पुष्पा’नं दिला. लाल चंदनाची तस्करी करणाऱ्या हमालाची ही तेलुगू गोष्ट डिसेंबर २०२१ मध्ये हिंदीतही आली आणि सातपुड्यातल्या मोबाइलमोबाइलवर पोहोचली. शहरातल्या माझ्या नातेवाइकांना त्यातली चाल आणि संवाद आवडले होते. वर्गातली चर्चा सुरू झाली ती जंगलाच्या नाक्यावरून. झाड कोणाचं? तोडणारा हमाल गुन्हेगार आणि विकत घेणारा शेठ का नाही? एका मुलाच्या वडिलांचा २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा तेव्हा पडून होता. तो म्हणाला, “यात नायक शेवटी मोठा तस्कर होतो, पण त्याला जमिनीचा कागद कोणी देत नाही.” हैदराबादच्या पटकथालेखकाच्या मनात हा कागद नसणार. तो पाहणाऱ्यानं आणला.

मला या अभ्यासांचं मोल वाटतं, कारण ते गरीब प्रेक्षकाला बुद्धी असल्याचं मान्य करतात. तरी त्यावर समाधान मानून थांबणं मला पटत नाही. त्या मुलानं लावलेला अर्थ आमच्या वर्गाबाहेर गेला नाही. सिनेमा नंदुरबारला आला. नंदुरबारचं म्हणणं हैदराबादला पोहोचलं नाही. बाहेरून काय येतं आणि आपण त्याचं काय करतो, यावर सिद्धांतांचा फार मोठा भाग खर्ची पडला आहे. इथून बाहेर काय जातं, कोणाच्या नावानं जातं आणि त्याचा मान नि पैसा कुठे जमा होतो, हा प्रश्न मला या जिल्ह्यानं शिकवला, आणि माझ्या मते तोच मोठा आहे.

वडिलांच्या दुकानात मी हा प्रश्न पहिल्यांदा पाहिला. ऐंशीच्या दशकाआधी भारतात गाण्याचा धंदा म्हणजे जवळजवळ एचएमव्हीचा धंदा होता. तबकडी महाग, ती दाबण्याचं काम बहुतांशी एकाच कंपनीकडे, त्यामुळे काय छापायचं ते तीच ठरवणार. कॅसेट आली आणि टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी ती स्वस्त केली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॅसेट कोणालाही भरता येऊ लागली. पीटर मॅन्युअल या अमेरिकन संगीत-अभ्यासकानं उत्तर भारतात फिरून १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिलं. या छोट्या डबीनं बोलीभाषांतल्या गाण्यांना बाजारात कशी जागा करून दिली, हे त्यात आहे. त्यांनी वर्णिलेली दुकानं आमच्या दुकानाची भावंडं होती.

दोन डेक, कोऱ्या कॅसेटींची खोकी, आणि एका वहीत ग्राहकांनी लिहून दिलेल्या गाण्यांच्या याद्या. बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरलेले लोक हिंदी सिनेमाची गाणी भरून नेत, लग्नसराईत अहिराणी आणि गुजराती. एकदा अक्राणीकडचा एक माणूस स्वतःच भरलेली कॅसेट घेऊन आला. त्याच्या पाड्यावरची होळीची गाणी होती. मध्येच कुत्रं भुंकत होतं, कोणी खोकत होतं. त्याला प्रती हव्या होत्या, कारण पाड्यावरची अर्धी माणसं ऊसतोडीला बारडोलीकडे गेली होती आणि त्यांच्याकडे त्या पाठवायच्या होत्या. वडिलांनी त्या भरून दिल्या आणि एक प्रत दुकानात ठेवली. पुढच्या बाजारी तीच कॅसेट दुसऱ्या पाड्याच्या लोकांनी मागितली. आमच्या दुकानातून सातपुड्याचा आवाज विकला जायला अशी सुरुवात झाली. विक्रीचे पैसे आमच्या गल्ल्यात पडत होते, आणि गाणाऱ्या बायकांचा त्यात वाटा असावा असं तेव्हा बाजारात कोणाच्याच मनात येत नव्हतं.

कॅसेट गेली, सीडी आली, ती फार काळ टिकली नाही. मग मेमरी कार्डाचे दिवस आले. ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी बसस्टँडजवळच्या प्रत्येक मोबाइल दुकानावर होती. संगणकात फोल्डर असत, ‘पावरी डीजे’, ‘रोडाली’, ‘टिमली’, ‘अहिराणी लग्न’, ‘हिंदी दर्दभरे’. इंटरनेट नसलेल्या पाड्यांवर ब्लूटूथनं एका फोनमधून दुसऱ्यात गाणी जात. नवापूर भागातल्या सोंगाड्या पार्ट्यांचे रात्रभर चालणारे खेळ याच वाटेनं दूरवर ऐकले गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि नेटचा दर कोसळला. आज पावरी, भिली, मावची, कोकणी गाण्यांची स्वतंत्र यूट्यूब चॅनल आहेत. तरुण मुलं गाणं लिहितात, धडगाव-तोरणमाळच्या वळणांवर चित्रण करतात, आणि पडद्यावर आपलाच डोंगर, आपलाच पोशाख, आपलीच भाषा पाहतात. मोठ्या वाहिन्यांनी जे कधी दिलं नाही ते या मुलांनी घेतलं. यासाठी मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

हे सारं एका सूत्रात बसवायला मला सर्वांत उपयोगी पडले ते अर्जुन अप्पादुराई. १९४९ मध्ये मुंबईत जन्मलेले, एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले आणि पुढे अमेरिकेत स्थिरावलेले हे मानववंशशास्त्रज्ञ. १९९० मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. जागतिकीकरण म्हणजे एक लोंढा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. माणसं, माध्यमं, यंत्रं, पैसा आणि विचार असे पाच प्रवाह जगभर वाहतात. त्यांचे वेग वेगळे, दिशा वेगळ्या, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत म्हणूनच नवं काहीतरी घडतं.

नंदुरबारचा नकाशा समोर ठेवून हे पाच प्रवाह बघावेत. माणसं दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं सत्तरच्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांवर जे लिहिलं त्यात खानदेशातून नेलेल्या या टोळ्या आहेत. स्थानिक भूमिहीनांना डावलून लांबून मजूर का आणले जातात, हे त्यांनी दाखवलं. लांबून आलेला माणूस हंगामभर मुकादमाच्या उचलीला बांधलेला असतो आणि मध्येच काम सोडून जाऊ शकत नाही. कोयता घेऊन गेलेले हात परतताना फोन आणतात, टिमलीचा ठेका आणतात. विचार जिनिव्हातून येतो. यंत्राचा प्रवाह आमच्याकडे अगदी तारीखवार सांगता येतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावच्या एका महिलेला दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी तिथे आले होते. सहा वर्षांनी याच क्रमांकावर अंगठा टेकवून काही मिनिटांत सिमकार्ड मिळू लागलं. तरीही नर्मदाकाठच्या पाड्यांवर सिम असूनही टॉवरसाठी टेकडी चढावी लागते. ओळख क्रमांक पुढे गेला आणि टॉवर मागे राहिला. अप्पादुराई ज्याला न जुळणं म्हणतात ते इथे डोळ्यांना दिसतं.

विचाराचा प्रवाह सर्वांत जोरकस निघाला, याचं मला राहून राहून नवल वाटतं. भारतात सगळेच मूळ रहिवासी आहेत, तेव्हा ही संकल्पना आपल्या अनुसूचित जमातींना वेगळी लागू करता येत नाही, अशी आपल्या सरकारची भूमिका राहिली आहे. तरी १३ सप्टेंबर २००७ रोजी आमसभेत मूळ रहिवाशांच्या हक्कांचा जाहीरनामा मताला आला तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं. विरोध केला तो अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांनी. धडगावच्या मुलांनी या सरकारी बारकाव्यांची वाट पाहिली नाही. एक तारीख हाती आली, ती त्यांनी आपली केली. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा वेगवेगळ्या ओळखींवर तिनं एक मोठी ओळख चढवली, आणि त्या ओळखीला ब्राझील-बोलिव्हियापर्यंत नातेवाईक मिळाले. समाजशास्त्रज्ञ रोलंड रॉबर्टसन ज्याला ग्लोकलायझेशन म्हणतात, जगाचं आणि गावाचं एकमेकांत घडणं, ते हेच. ते बहुधा मॅकडोनाल्डच्या आलू टिक्की बर्गरनं समजावलं जातं. मला हे उदाहरण अपुरं वाटतं. तिथे कंपनी आपला माल खपवायला गावाची चव घेते. धडगावात गाव आपला हक्क मांडायला जगाची तारीख घेतं. या दोहोंत कोण ठरवतं हे वेगळं आहे, आणि माझ्या लेखी सगळं त्यावरच अवलंबून आहे.

इथून बाहेर गेलेल्या आवाजाचं सर्वांत मोठं उदाहरण मणिबेलीचं. अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं हे गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. सरदार सरोवरात बुडणाऱ्या महाराष्ट्रातल्या तेहतीस गावांतलं पहिलं. जागतिक बँकेनं १९८५ मध्ये या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. रस्ता नाही, वीज नाही, टेलिफोन नाही अशा गावातल्या माणसांचं म्हणणं नर्मदा बचाओ आंदोलनानं पत्रकांतून, भेटींतून, माहितीपटांतून वॉशिंग्टन आणि टोकियोपर्यंत नेलं. १९९० मध्ये जपाननं टर्बाइनसाठीची मदत थांबवली. बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. जून १९९२ च्या तिच्या अहवालानं बँकेला मागे सरून फेरविचार करायला सांगितलं. मार्च १९९३ अखेर भारत सरकारनं उरलेलं कर्ज न घेण्याचं ठरवलं. त्याच वर्षी बँकेनं लोकांच्या तक्रारींसाठी तपासणी मंडळ स्थापन केलं. १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संस्थांनी मोठ्या धरणांच्या कर्जांविरुद्ध एक जाहीरनामा काढला, त्याचं नाव ‘मणिबेली जाहीरनामा’. धरण तरीही पूर्ण झालं, १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचं लोकार्पण झालं, आणि ही गावं पाण्याखाली गेली ती गेलीच. माझ्या वर्गात त्या गावांतून उठून पुनर्वसन वसाहतीत आलेल्यांची नातवंडं बसतात. त्यांच्यासमोर मी या लढ्याला विजय म्हणत नाही. पण जगातल्या एका बलाढ्य बँकेच्या नियमावलीत बदल व्हावा इतका आवाज सातपुड्यातून गेला होता आणि तो गावाच्या स्वतःच्या नावानं गेला होता, एवढं मी त्यांना ठासून सांगते.

याच संदर्भात मॅकब्राइड आयोगाची आठवण येते. बातम्यांचा प्रवाह श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकतर्फी वाहतो, अशी तक्रार सत्तरच्या दशकात नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांनी केली. युनेस्कोनं शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, १९८० मध्ये त्याचा अहवाल आला, अमेरिकेला तो रुचला नाही, आणि १९८४ अखेर ती युनेस्कोतूनच बाहेर पडली. या आयोगावर भारताकडून ज्येष्ठ संपादक बी. जी. वर्गीज होते. खेड्यांवर मनापासून लिहिणारे, मोठ्या योग्यतेचे पत्रकार. तेच पुढे मोठ्या धरणांच्या बाजूनं लिहीत राहिले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. मात्र दिल्लीचा आवाज न्यूयॉर्कमध्ये ऐकला जावा यासाठी झटणाऱ्या पिढीला, मणिबेलीचा आवाज दिल्लीत ऐकला जाण्याचा प्रश्न तितकाच मोठा का वाटला नाही, हे विचारायला हवं. देशादेशांतली विषमता मोजणारी फूटपट्टी देशाच्या आत लावली गेली नाही.

ती फूटपट्टी आत लावली की ‘स्वदेस’ हा सिनेमा दिसतो. अक्राणीतल्या बिलगावात लोकांनी श्रमदान करून, केरळातल्या तंत्रज्ञांच्या मदतीनं, २००३ मध्ये पडत्या पाण्यावर छोटा वीजप्रकल्प उभारला. अमेरिकेतून परतलेले रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री हे दांपत्य नर्मदा खोऱ्यातल्या कामाशी जोडलेलं होतं. आशुतोष गोवारीकरांच्या २००४ च्या या सिनेमामागे त्यांची आणि बिलगावची प्रेरणा असल्याचं सांगितलं जातं. सिनेमा देखणा आहे, अनेक तरुणांना त्यानं गावाकडे वळवलं, आणि मलाही तो आवडतो. पण पडद्यावरचं गाव झालं उत्तरेतलं चरणपूर, चित्रण झालं वाईजवळच्या मेणवलीत, आणि वीज आणण्याची कल्पना सुचली नासातल्या एका अभियंत्याला. परदेशातल्या भारतीयांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला, त्यातल्या कितीजणांनी बिलगाव हे नाव ऐकलं असेल? गोष्ट सातासमुद्रापार गेली आणि भिल्ल-पावरा माणसं वाटेतच गळाली. मूळचे शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ या संग्रहातली ‘स्टेज’ ही कविता याच जखमेवर बोट ठेवते. आमचं दुःख दुसरेच मंचावरून आम्हाला सांगत राहिले, असा तिचा आशय आहे. वर्गात ती वाचून दाखवताना मीही मंचावरच उभी असते, हे मला कळतं, म्हणून ती मी मुलांकडून वाचून घेते.

आता ज्यांच्या हातात मंच आला आहे त्या मुलांकडे वळते. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी ही मातृभाषा सांगणारे १ कोटी ४ लाख होते. तरी ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे शाळेच्या क्रमिक पुस्तकांत, स्पर्धा परीक्षांत, सरकारी कारभारात तिला फारशी जागा नाही. पावरी गाण्यांवर लाखो लोक नाचतात, पण फोनमधल्या बोलक्या सहायकाला पावरीतून काही विचारलं तर कळत नाही. गाणं चढवताना शीर्षक रोमन अक्षरांत, सोबत हिंदीत ‘आदिवासी’ आणि ‘डीजे’ हे शब्द घालावे लागतात, नाहीतर शोधात ते वर येत नाही, असं विद्यार्थी सांगतात. हळूहळू गाणीही त्या शोधाच्या कलानं घडू लागतात. ठेका सारखा होतो, लांबी आखूड होते, आणि पाड्यापाड्याच्या बोलीतला फरक पुसट होतो. शिलर यांना हे दिसलं असतं तर ते म्हणाले असते की वस्तू आता तुमची, दुकान मात्र आमचंच. इथे मला त्यांचा सिद्धांत पुन्हा जिवंत झालेला दिसतो.

आणि पैशाचा, हक्काचा प्रश्न. माझ्या एका विद्यार्थिनीनं आपल्या आजीनं गायलेलं होळीचं गाणं फोनवर भरून मैत्रिणींना पाठवलं. काही महिन्यांनी ते एका अनोळखी चॅनलवर ठेक्यासह वाजत होतं. आजीचा आवाज तोच, नाव भलत्याचंच. तिनं लिहून कळवलं तेव्हा पलीकडून उत्तर आलं की हे लोकगीत आहे, ते कोणाचंच नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कर्ता कोण हे विचारतो, आणि पिढ्यान्पिढ्या घडलेल्या गाण्याला एक कर्ता नसतो. १९९४ च्या दुरुस्तीनं गाणाऱ्याला सादरकर्ता म्हणून हक्क दिला आहे. तो ठाऊक असलेली माणसं पाड्यावर सापडणं कठीण. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत २००० पासून यावर समिती बसली आहे. मे २०२४ मध्ये जनुकीय संपत्ती आणि तिच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर एक करार झालाही, पण लोकगीतं-लोकनृत्यांवर अजून झालेला नाही. ज्या शहरातून नऊ ऑगस्ट आला त्याच शहरात आजीच्या गाण्याचा निर्णय अडकून आहे.

या प्रसंगानंतर मुलांनी एक वही सुरू केली. गावात जाऊन गाणं ध्वनिमुद्रित केलं की रकाने भरायचे: गाव, गाणाऱ्यांची नावं, कोणत्या बोलीत, कोणत्या प्रसंगी, आणि कोणाला ऐकवायला त्यांची संमती आहे. एक प्रत गावातल्याच कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर राहते. शेवटच्या रकान्यात काय काय लिहून आलं ते वाचण्यासारखं आहे. काहींनी ‘सगळ्यांना’ असं लिहायला सांगितलं. एका गावानं फक्त लग्नाची गाणी द्यायला हरकत नाही म्हटलं. त्या विद्यार्थिनीच्या आजीनं मात्र होळीची गाणी होळीच्या दिवसांतच वाजवायची, एरवी नाही, असं ठरवून दिलं. अक्कलकुव्याजवळच्या काठीला पहाटे पेटणारी राजवाडी होळी आता ड्रोननं टिपली जाते, अंगाला राख फासलेले, कमरेला वाळके दुधी आणि घुंगरं बांधलेले बावा-बुध्या बारा महिने पडद्यांवर नाचत असतात. त्या नाचणाऱ्यांनी पाळणूक म्हणून कित्येक दिवस खाट सोडलेली असते, अनवाणी राहिलेले असतात. तो भाग कॅमेऱ्यात येत नाही. आजीचा आग्रह मला या बाजूनं पाहिला की पूर्ण पटतो.

मुलांमध्ये यावरून वाद आहे. काहींचं म्हणणं, आपणच आधी आपल्या नावानं, तारखेनिशी गाणं चढवलं तर पुढे चोरणाऱ्यासमोर पुरावा राहील. बाकीचे म्हणतात, एकदा चढवलं की आजीच्या अटीला अर्थ उरत नाही. बाराही महिने ते कोणीही वाजवेल. दोन्ही बाजूंनी चांगली मुलं आहेत आणि दोन्ही बाजूंना कारण आहे. त्यांनी तूर्त असं ठरवलं आहे की गाव सांगेल ते करायचं, आणि गावाला विचारायचं तर सगळं गाव हजर हवं. अर्धी माणसं बारडोलीच्या फडात आहेत. ती होळीला चार दिवस घरी येतील, तेव्हा पाड्यावर बैठक बसेल.